येऊरच्या जंगलात हरणं बघायची आहेत? नवीन लोकांसाठी सुरुवातीपासून सगळं

उपवन तलावावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या कितीतरी ठाणेकरांना हे माहीतच नसतं की समोर जो येऊरचा डोंगर दिसतो तिथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल सुरू होतं आणि त्या जंगलात चितळ आहे, सांबर आहे, भेकरसुद्धा आहे. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल आपल्या दारात आहे आणि आपण चितळ बघायला पैसे साठवून ताडोबाला जातो. ताडोबाला जरूर जा, पण तिथे जिप्सीत बसून गाइडने बोट दाखवलं तिकडे बघणं वेगळं आणि पायी चालत, स्वतःच्या कान-डोळ्यांनी हरीण शोधून त्याला न कळता दहा मिनिटं बघत बसणं वेगळं. हे दुसरं शिकता येतं, फार अवघड नाहीये, फक्त घाई असलेल्या माणसाचं काम नाही.

आधी एक महत्त्वाचं, कारण नवीन लोक हमखास विचारतात. मीठ ठेवलं तर येतील का? मोबाइलवर हरणाचा आवाज वाजवला तर? नकली हरीण उभं केलं तर? उत्तर सरळ आहे, यातलं काहीही करायचं नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या दिलीय तिच्यात फक्त मारणं येत नाही, फासे लावणं, सापळा लावणं, हाका घालून हुसकावणं आणि आमिष लावणं हे सगळं शिकारीतच मोजलं जातं, आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा. म्हणजे फोटोसाठी म्हणून तुम्ही मिठाचा खडा टाकलात तरी उगाच कायद्याच्या कचाट्यात सापडाल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आमिषाला सोकावलेलं हरीण माणसाला घाबरेनासं होतं, आणि शहराच्या इतक्या जवळच्या जंगलात ते त्याच्या जिवावर येऊ शकतं.

पण नकली हरणाचा विषय निघालाच आहे तर त्यातून शिकण्यासारखं खूप आहे ते सांगतो. अमेरिकेत हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथले शिकारी शेपटी पांढरी असलेल्या हरणासाठी प्लास्टिकचं नकली हरीण वापरतात, त्याला ते डिकॉय म्हणतात. आता हे लोक पिढ्यान् पिढ्या हरणाच्या वागण्याचा अभ्यास करून बसलेत, आणि त्यांचा अनुभव काय सांगतो ते बघा. एक, नकली हरीण कितीही हुबेहूब असलं तरी नर हरीण सरळ त्याच्याकडे येत नाही, तो बहुतेक वेळा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे वाहत जातोय तिकडे, जातो आणि आधी वास घेतो, म्हणून ते लोक हातमोजे घातल्याशिवाय डिकॉयला हात लावत नाहीत. दोन, मान ताठ आणि कान टवकारलेलं नकली हरीण ठेवलं तर खरी हरणं बिथरतात, निवांत उभं असलेलं ठेवलं तर जवळ येतात. तीन, अगदी स्तब्ध पुतळा त्यांना खटकतो म्हणून शेपटीच्या जागी कापडाची पट्टी लावतात, वाऱ्याने हलेल अशी. या तिन्ही गोष्टींचा अर्थ एकच, हरीण आधी नाकावर विश्वास ठेवतं आणि मग समोरच्याच्या अंगाच्या ठेवणीवर. आपल्याला डिकॉय ठेवायचा नाहीये, पण आपण स्वतः त्या जंगलात हरणाला कसे जाणवतो ते यावरून नीट समजतं. हरणाला आपल्याकडे आणायचं नाही, हरीण जिथे येणारच आहे तिथे आपण आधी जाऊन बसायचं आणि त्याच्या दृष्टीने दखल घेण्यासारखं काही उरायचं नाही.

आता सुरुवात कुठून करायची. माझं मत असं की पहिल्या दोन-चार वेळा येऊरला जाऊच नका, याच उद्यानाच्या बोरिवलीकडच्या मुख्य गेटने आत जा. तिकडची चितळं माणसांना सरावलेली आहेत, त्यामुळे ती लांब पळत नाहीत आणि तुम्हाला त्यांचं वागणं शांतपणे बघायला मिळतं. एका कळपासमोर रस्त्याच्या कडेला अर्धा तास बसा, फोटो काढायचे तर पहिल्या पाच मिनिटांत काढून घ्या आणि कॅमेरा बॅगेत टाका. नुसतं बघा, कोण आधी मान वर करतं, कान कुठे वळतात, शेपटी कधी हलते, नर आणि माद्या कशा उभ्या राहतात, पाडसं कुठे असतात. हा सराव झाल्याशिवाय येऊरला गेलात तर हरीण दिसेल पण ते पळतानाच दिसेल. सोमवारी उद्यान बंद असतं हे लक्षात ठेवा, लोक नेमके सुट्टी टाकून सोमवारी जातात.

येऊरला जायचं तर ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस आहे, नवी मुंबईवाल्यांनी ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला यावं आणि तिथून बस पकडावी. गेटवर नोंद करून, तिकीट काढून, कुठल्या वाटेला परवानगी आहे ते वनरक्षकाला विचारून मगच आत जायचं. वाटा आणि वेळा बदलत राहतात म्हणून मी इथे लिहून देत नाही, ज्या दिवशी जाल त्या दिवशी विचारा. एकट्याने जाऊ नका, आणि दहा जणांचा घोळका घेऊनही जाऊ नका, दोघं किंवा तिघं पुरे. पाड्यावरचा कोणी माहितगार सोबत मिळाला तर त्याला घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या, जे तो एका सकाळी दाखवेल ते तुम्हाला वर्षभर फिरून दिसणार नाही.

वेळ पहाटेची. गेट उघडलं की आत, आणि पहिले दोन तास म्हणजे सोनं. ऊन तापलं की चितळ सावलीत बसून रवंथ करतं आणि सांबर तर त्याच्या आधीच झाडीत गडप होतं कारण त्याचा बराचसा वावर रात्रीचाच असतो. संध्याकाळही चांगली असते पण अंधाराच्या आत बाहेर पडायचं असतं, त्यामुळे खरा उपयोगाचा वेळ कमी मिळतो. ऋतू म्हणाल तर डिसेंबर ते मे. पावसाळ्यात जंगल सुंदर असतं पण झाडी इतकी दाट होते की दहा पावलांवरचं जनावर दिसत नाही आणि पाणी सगळीकडे असल्यामुळे ती कुठे असतील याचा अंदाजही लागत नाही.

कपड्यांबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. मिलिटरी छापाचे कपडे घ्यायची काही गरज नाही. हरणाला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून तर अमेरिकेतले शिकारी भडक केशरी जॅकेट घालून बसतात आणि हरणाला त्याचं काही वाटत नाही. पण निळा रंग हरणाला आपल्यापेक्षाही चांगला दिसतो. म्हणजे तुमची निळी जीन्स ही त्या जंगलातली सगळ्यात वाईट निवड. पांढरा शर्टही नको. आणि कपडे धुवायच्या पावडरीत पांढरेपणा यावा म्हणून जो ब्राइटनर घालतात त्याने कापड अतिनील किरणांत निळसर चमकतं, आणि सकाळच्या कमी उजेडात हरणाच्या डोळ्याला ते जाणवू शकतं, त्यामुळे जंगलाचे कपडे वेगळे ठेवा आणि साध्या साबणाने धुवा. मळकट खाकी, तपकिरी, शेवाळी असं काहीही चालेल. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला म्हणजे डासांसाठी ते वासाचं क्रीम चोपडावं लागणार नाही. बूट घोट्यापर्यंत हवेत, सापासाठी, आणि पॅंट मोज्यात खोचायची, गोचीडांसाठी. चालताना सरसर आवाज करणारी नायलॉनची पॅंट असते ती अजिबात नको, सुती बरी. डिओ नको, अत्तर नको, केसांना सुगंधी तेल नको, आणि खिशात वडापाव तर नकोच, खायचं ते बाहेर आल्यावर.

आता वारा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नव्या लोकांच्या दहापैकी नऊ चुका इथे होतात आणि त्यांना कळतही नाही, ते म्हणतात आज हरणं नव्हतीच. होती हो, तुमचा वास लागून तुम्ही पोचायच्या आधीच निघून गेली. वारा हरणाकडून तुमच्याकडे यायला हवा, तुमच्याकडून हरणाकडे जाता कामा नये, इतकंच तत्त्व आहे. वारा कळायला साधी युक्ती, टाल्कम पावडरीची जुनी छोटी डबी घ्या, त्यात बिनवासाची पावडर किंवा साधं पीठ भरा आणि चिमूटभर हवेत सोडा, धूर कुठे जातो ते बघा. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटली की मग पीठही लागत नाही, तो कापूसच वाटेवर पडलेला असतो, एक तंतू सोडला की लांबपर्यंत वारा कसा वळतो ते दिसतं, कारण वारा तुमच्यापाशी एका दिशेला आणि वीस पावलांवर दुसऱ्याच दिशेला असू शकतो.

डोंगरात अजून एक गोष्ट असते. पहाटे हवा थंड असते, जड असते, ती उतारावरून खाली वाहते. सूर्य वर येऊन उतार तापले की तीच हवा वर चढायला लागते. म्हणजे भल्या सकाळी तुम्ही जर वरच्या अंगाला बसलात तर तुमचा वास सरळ खालच्या नाल्यात उतरतो आणि नाल्यातली सगळी जनावरं सावध होतात. म्हणून पहाटे खाली बसून वर बघायचं आणि ऊन चढल्यावर वर सरकून खाली बघायचं. मधे एक अर्धा तास असा येतो की वारा ठरतच नाही, कधी इकडे कधी तिकडे, तेव्हा जागा बदलायच्या भानगडीत पडू नका, आहात तिथे गप बसा. दुपारनंतर आपल्याकडे समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून वारा सुटतो, त्यामुळे संध्याकाळच्या फेरीत साधारणपणे पश्चिमेकडे तोंड करून चालणं सोयीचं पडतं, पण दरीत शिरलात की पुन्हा पीठ उडवून बघा.

बसायचं कसं. जाड बुंध्याला पाठ टेकून, बुंध्याच्या पुढे बसायचं, मागे लपून डोकं बाहेर काढत राहायचं नाही. मागून डोकावलं की हालचाल होते आणि हरणाला सगळ्यात आधी हालचालच दिसते, त्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. उलट बुंध्याच्या पुढे सावलीत स्वस्थ बसलेला माणूस त्याला माणूस म्हणून चटकन ओळखू येत नाही. सूर्य आपल्या पाठीला असला तर उत्तम. पाण्याची बाटली, दुर्बीण, सगळं बसायच्या आधीच हाताशी ठेवायचं. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची घ्या, १० पटीची घेऊन हात थरथरतो आणि पहाटे उजेडही कमी मिळतो. मोबाइल सायलेंटवर नाही, बंदच, कारण व्हायब्रेशनचा आवाजसुद्धा शांत जंगलात चांगला ऐकू जातो. आणि एका जागी कमीत कमी पाऊण तास. पहिली पंधरा-वीस मिनिटं पक्षी आणि खारीच तुमच्यावर ओरडतात, ते शांत झाले की मग जंगल पुन्हा आपल्या कामाला लागतं.

हरीण आलं. आता त्याचं अंग वाचा. मान खाली, शेपटी मधूनमधून हलतेय, कान वेगवेगळ्या दिशांना फिरतायत, म्हणजे निवांत आहे. मान वर, दोन्ही कान एकाच दिशेला रोखलेले, म्हणजे काहीतरी जाणवलंय. पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटतंय, शेपटी वर उभी राहिलीय, म्हणजे आता पुढची पायरी ओरडणं किंवा पळणं. बऱ्याचदा हरीण फसवतं बरं का, मान खाली घालून चरतोय असं दाखवतं आणि झटकन पुन्हा वर बघतं, तुम्ही हललात का ते तपासायला. त्यामुळे मान खाली गेली की लगेच हलू नका, दोन-तीनदा नीट चरू द्या. हात हलवायचा झाला तर कळपातल्या सगळ्यांची तोंडं खाली असताना, आणि एकदम सावकाश. रोखून बघत राहू नका, दुर्बीण अधूनमधून खाली घ्या. आणि पाय आपटायला लागलं तर तुमचं बघणं संपलं असं समजा, आणखी जवळ सरकण्यात काहीच मिळणार नाही, त्याला त्रास आणि तुम्हाला शेपटी.

चितळ बहुतेक वेळा कळपात असतं आणि वानरांच्या आसपास सापडतं. वानर वरून पाला, फळं टाकत राहतात, ती खाली चितळं खातात, वानराची नजर उंचावरून लांब जाते आणि चितळाचं नाक खाली काम करतं, दोघांचा फायदा. म्हणून आधी वानर शोधा, मग त्यांच्याखाली बघा. मार्च-एप्रिलमधे मोहाची फुलं गळतात तेव्हा पहाटे मोहाखाली काय काय येऊन गेलंय ते खुरांवरून कळतं. सांबर मोठं, नर २०० किलोच्या पुढे जातो, चितळाचा नर ७०-८० किलोचा, भेकर तर २०-२५ किलोचंच. सांबराच्या खुराचा ठसा त्यामुळे चितळापेक्षा सरळसरळ मोठा असतो, आणि चिखलात लोळलेली जागा, साल सोललेलं झाड दिसलं तर जवळपास सांबराचा वावर आहे. भेकर एकटं किंवा जोडीने, दाट झाडीच्या कडेला, आणि दिसलं तरी क्षणभरच. पिसोरी दिसेल अशी आशा सुरुवातीला धरूच नका, रात्री फिरणारं एवढंसं जनावर आहे.

धोका जाणवला की ही जनावरं जे इशाऱ्याचे आवाज काढतात तेही शिकून घ्या. चितळाची हाक बारीक, तीक्ष्ण. सांबराची एकदम खणखणीत, आख्ख्या दरीत घुमते. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, पण थांबून थांबून, एकेक. वानर खोकल्यासारखा आवाज काढतं. चितळ कधीकधी उगाचही ओरडतं पण सांबर एका जागी उभं राहून परत परत ओरडत असेल तर ते गंभीरपणे घ्या, तिथे बिबट्या असायची शक्यता चांगलीच आहे. येऊरमधे बिबट्या आहे, हे जंगल त्याचं आहे. अशा वेळी आवाजाच्या दिशेने कॅमेरा घेऊन धावणारे लोक मी बघितलेत आणि मला ते अजिबात पटत नाही. एकत्र उभे राहा, वाकू नका, खाली बसला असाल तर उठून उभे राहा, लहान मूल सोबत असेल तर उचलून घ्या, आणि आलात त्या वाटेने शांतपणे मागे फिरा. पळायचं नाही. मुळात लहान मुलांना या प्रकारच्या फिरण्याला आणूच नये, त्यांच्यासाठी बोरिवलीची बाजू छान आहे.

उन्हाळ्यात पाणवठ्यांवर हरणं येतात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे पाण्यालाच चिकटून बसतात. हे करू नका. तहानलेलं जनावर तुमच्या वासाने पाणी न पिता परत जातं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते त्याला फार महागात पडतं. पाण्याकडे येणारी पायवाट शोधा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पाण्यापासून चांगलं लांब बसा, आणि तासाभरात उठा.

बाकी बारीकसारीक. टॉर्च मारून डोळे चमकवायचे नाहीत, फ्लॅश वापरायचा नाही. एकटं बसलेलं पाडस दिसलं तर ते हरवलेलं नसतं, आई त्याला लपवून चरायला गेलेली असते, हात लावू नका, तिथे थांबूही नका. गळून पडलेलं शिंग सापडलं तरी उचलायचं नाही, घरात ठेवणं गुन्हा आहे, तसाही उंदीर-साळिंदर ते कुरतडून खातात, जंगलाचं जंगलात राहू द्या. वाटेत तारेचा फास दिसला, गाडीच्या क्लच वायरचा असतो बऱ्याचदा, तर जागा लक्षात ठेवा, आजूबाजूला अजून असतील का ते जपून बघा आणि ताबडतोब वनरक्षकाला सांगा, नाहीतर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. याबाबतीत उद्या सांगू, नंतर सांगू असं करू नका. फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका, नुसतं येऊर लिहिलं तरी पुरे.

एक छोटी वही ठेवा. तारीख, वेळ, वारा कुठून, कुठलं झाड फुललंय किंवा फळलंय, काय दिसलं आणि त्याने तुम्हाला आधी पाहिलं की तुम्ही त्याला. काही दिसलं नाही त्या दिवशीही लिहा, उलट त्या दिवशीचा वारा आणि जागा तर नक्कीच लिहा. सांबराच्या नराची शिंगं हिवाळ्यात कशी होती आणि उन्हाळ्यात गळली का, चितळाच्या नराची शिंगं मखमली, म्हणजे अजून वाढणारी, कातडीने झाकलेली होती की टणक, हेही टिपून ठेवा, वर्षभरात तुमच्याच वहीत हरणांचं वेळापत्रक तयार होतं.

आणि हे सगळं थोडंफार अंगात मुरलं की बुद्ध पौर्णिमेच्या पाणवठा गणनेसाठी नाव द्या. एप्रिल-मेमधे त्या पौर्णिमेच्या रात्री वनविभाग लोकांना मचाणावर बसवतो आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायला सांगतो, येऊरमधेही ती होते. जागा थोड्या असतात त्यामुळे मार्च संपला की येऊरच्या वनविभागाच्या ऑफिसमधे जाऊन चौकशी सुरू करा, ओळखपत्र सोबत न्या, आणि रात्रभर न बोलता बसू शकेल असाच जोडीदार निवडा.